एकतिसावं कार्ड

१

कार्ड पुन्हा हललं होतं.

गुणमालाअक्का एसटीतून उतरून पायऱ्या चढल्या, तेव्हा निम्मी कचेरी हॉलमध्ये गोळा होऊन फळ्याकडे बघत होती आणि कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. पिंपरखोऱ्याच्या वीज उपविभागात एवढी शांतता म्हणजे नवलच. इथली माणसं लाईट गेल्यावरसुद्धा गप्प बसत नाहीत.

फळा म्हणजे तसा फळा नव्हेच. मोडीत काढलेल्या एका पॅनेलचं लोखंडी दार भिंतीला ठोकलेलं, त्यावर ओळीनं एकतीस हूक, आणि प्रत्येक हुकाला जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड. एका कार्डावर एक काम. पहिल्या हुकावरचं आधी, एकतिसाव्यावरचं शेवटी. कंत्राटदार साईराज रोज नऊच्या सुमाराला यायचा, पहिल्या हुकाचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि माणसं, शिड्या, क्रेन तिकडं धाडायचा. इतका सरळ कारभार.

आज पहिल्या हुकावर एकतिसावं कार्ड लटकत होतं. ‘मळई वस्ती: जुनी डीपी (ट्रान्सफॉर्मर) बदलणे.’

"पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा, अक्का," संयोगिता म्हणाली. ती इथली उपकार्यकारी अभियंता. वाईची पोर, बत्तीस वर्षांची, आवाज कधी न चढवणारी. "साईराजची क्रेन मळईच्या रस्त्याला लागलीसुद्धा होती. फोन करून अर्ध्या वाटेतून परत आणली."

अक्कांनी पिशवी टेबलावर ठेवली. एकतीस वर्षं त्या आवक-जावक सांभाळत होत्या. संयोगिता येण्याआधी इथं ज्याचा फोन मोठा त्याचं काम आधी, ही रीत होती. प्रत्येक पत्रावर ‘अति तातडीचे’ असा शेरा, आणि त्यातलं एकही पत्र तातडीनं कुठं जायचं नाही. संयोगितेनं आल्या आल्या कामांना गुण द्यायला सुरुवात केली. किती घरं, वर्षात तक्रारी किती, सामान किती जुनं, दवाखाना आहे का, पाण्याची योजना आहे का. गुणांची बेरीज करायची आणि त्या क्रमानं कार्डं लावायची. आधी वर्षाला जेमतेम पंधरा कामं व्हायची, आता आठ महिन्यांत चाळीस झाली होती. अक्कांना तर फळ्याकडे नुसतं बघूनही बरं वाटायचं. निवृत्तीला सहा महिने राहिले असताना का होईना, नोकरीत काहीतरी नीट चाललेलं त्यांना बघायला मिळालं होतं.

"सांगलीच्या मोठ्या साहेबांना कळलंय," संयोगिता हळूच म्हणाली. "शुक्रवारी येताहेत. म्हणाले, यादी सांभाळता येत नसेल तर फळा काढून टाका आणि पूर्वीसारखं चालू द्या."

अक्का फळ्याजवळ गेल्या आणि त्यांनी मळईचं कार्ड उचललं. त्याच हुकावर, त्याच्या खाली, आरोग्य केंद्राचं कार्ड जसंच्या तसं होतं.

ज्यानं कुणी हे केलं होतं त्यानं पहिल्याचं कार्ड काढलंच नव्हतं. त्याच्यावर आपलं अडकवलं होतं.

२

संशय घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. वीरधवल निकमची सासरवाडी मळई वस्तीतली. अख्ख्या कचेरीनं मनातल्या मनात त्याला कधीच दोषी ठरवलं होतं.

"आवं अक्का, बायको बोलती हे खरं हाय," वीरधवल म्हणाला. तो तरुण वायरमन, खिशाला कायम टेस्टर लावलेला. "वायरमनची बायको अन् माहेरात अंधार, म्हणून टोमणं मारत्यात तिला. पर मला कार्ड हलवायचंच असतं तर पहिल्या हुकावर लावलं असतं व्हय, समद्यांच्या डोळ्यावर येईल असं? गुपचूप दहाव्यावर सरकवलं असतं. कुणाला पत्तापण लागला नसता."

अक्कांना हे पटलं. पण पटणं वेगळं आणि साहेबांपुढं सिद्ध करणं वेगळं.

मग त्यांनी कचेरीतच साईराजला गाठलं. मळईच्या वाटेवरच एका बेदाणा शेडजवळ त्याचं दुसरं काम चालू होतं. मळईचं काम आधी लागलं असतं तर क्रेनची एक खेप वाचली असती.

"वाचली असती की," तो मोकळेपणानं म्हणाला. "पर तीनदा क्रेन अर्ध्यातनं माघारी आणली. एक खेप वाचवायला तीन खेपा घालीन, एवढा येडा वाटलो व्हय मी तुमाला?"

हेही पटलं. चौकशी करायला बसावं आणि समोरचा प्रत्येक जण खरं बोलत असावा, यासारखी अडचण नाही.

एवढ्यात नाथाजी आत आला. खंडाळ्याकडचा, चौतीस वर्षं खांबावर काढलेला, या महिनाअखेरीला निवृत्त होणारा सगळ्यात जुना वायरमन. भांडारपालाची जागा दोन वर्षं रिकामी होती आणि भांडाराची किल्लीही अक्कांकडेच होती, म्हणून तो थेट त्यांच्या टेबलाशी आला.

"अक्का, फ्यूज तारंचं बंडल द्या एक."

त्यांनी किल्ली दिली. नाथाजीनं लोखंडी कपाटाच्या मुठीला आधी उलटा हात लावला, मग सरळ हातानं कपाट उघडलं.

"तात्या घरचा फ्रीजपण आधी उलट्या हातानं बघत्यात," वीरधवल हसला. "काकी सांगत हुत्या."

"हस गड्या," नाथाजी म्हणाला. "करंट आसंल तर मूठ आवळतीया. सरळ हात चिकटतोय, उलटा मागं फेकला जातोय. आमच्या टायमाला टेस्टर न्हवतं, म्हणून जित्ता हाय मी." आणि त्यानं भांडाराच्या वहीत सही केली.

"नाथाजी, मळई तुझ्याच भागात येते ना रे?" अक्कांनी विचारलं. "तुला काय वाटतं? कुणाचं काम असेल हे?"

"माझ्या भागातनं अकरा वर्षांत एक तक्रार न्हाई आली, अक्का. वही बघा." भिंतीवर त्याचं ‘शून्य तक्रार’ प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. त्यानं तिकडं पाहिलं नाही, बंडल काखेत मारलं आणि तो निघाला. "तितलं कार्ड कोण कशाला हलवंल?"

खरंच, कोण कशाला हलवेल? तक्रारच नाही म्हणून तर ते काम एकतिसावं होतं.

३

बुधवारी सगळे घरी जायला निघाले, तसा अक्कांनी शिक्क्याचा पॅड उघडला. जांभळी शाई त्यांनी कापसाच्या बोळ्यानं पहिल्या आणि एकतिसाव्या हुकाला अलगद लावली. जैन घरच्या रीतीनं सायंकाळचा डबा त्या सूर्यास्ताच्या आत खात, त्यामुळे घाई होती. तरी एवढं काम त्यांनी फार निगुतीनं केलं.

"उद्या शेवटची संधी आहे त्याला," त्या संयोगितेला म्हणाल्या. "शुक्रवारी साहेब येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या हात घालेल तो, आणि त्या हाताला शाई लागेल."

संयोगिता खुर्चीत बसून राहिली होती. "अक्का, फळा गेला तर मला वाईट वाटेल ते माझ्यासाठी नाही. लोकांना सांगितलंय मी, रांगेत उभे राहा, तुमचा नंबर येईल. पहिल्यांदाच ऐकलं त्यांनी. आता पुन्हा फोनवर कामं व्हायला लागली तर यापुढं रांगेत कोण उभं राहील?"

अक्कांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळ्यांसमोर त्या तिला मॅडम म्हणत. आत्ता म्हणाल्या, "पोरी, जाऊन जेव. बघू आपण."

गुरुवारी सकाळी त्या आल्या तेव्हा पहिल्या हुकावर पुन्हा मळईचं कार्ड होतं.

अक्कांना आनंदच झाला. त्यांनी हजेरीचं रजिस्टर मुद्दाम स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतलं आणि सही करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांची पेरं तळव्याच्या बाजूनं निरखली. वीरधवलची स्वच्छ होती. साईराजनं मोजमापाच्या कागदावर सही केली, त्याचीही स्वच्छ होती. सफाईवाल्या साळूबाईंचे हात तर चांगले दोनदा बघितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आवं, भविष्य सांगताय का काय?"

अकरा जणांची सही झाली. कुणाच्याच पेरांना शाई नव्हती.

४

चूक कुठं झाली ते अक्कांना फळ्यापाशी उभं राहिल्यावर कळलं. त्यांनी स्वतः एक कार्ड काढून बघितलं. माणूस कार्ड काढताना पुठ्ठ्याला धरतो, हुकाला कशाला हात लावेल? शाई वाया गेली होती. एकतीस वर्षं नोकरी करून एवढं सुचू नये, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

तरी एक गोष्ट खटकत होती. पहिल्या हुकावरची शाई एका जागी पुसली गेली होती. कुणीतरी हुकाला हात लावला होता खरा.

अकरा वाजता साळूबाई चहा घेऊन आल्या. सगळे बाहेरच्या कट्ट्यावर बसले. ऊन चढत होतं, समोरच्या बागेत द्राक्षांची काढणी चालली होती, आणि शुक्रवारची धास्ती सोडली तर सकाळ अगदी छान होती. अक्कांना आपला हा कट्टा फार आवडायचा. त्या कप घेणाऱ्या हातांकडे सहज बघत होत्या.

नाथाजीनं कप उचलला. बोटांची पेरं स्वच्छ होती. पण कप ओठाशी गेला तशी हाताची मागची बाजू अक्कांपुढं आली. मधल्या दोन बोटांच्या पाठीवर जांभळा डाग होता.

लोखंडी दार, लोखंडी हूक. चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यानं आधी उलटा हात लावला होता, मग पुठ्ठ्याला धरून कार्ड अडकवलं होतं. चोरी करतानासुद्धा माणसाची सवय सुटत नाही.

अक्कांचा चहा गार झाला. त्यांना चोर सापडला होता आणि जरासुद्धा आनंद झाला नव्हता. कारण सगळ्या कचेरीत या कामासाठी ज्याला एकही कारण नव्हतं, असा एकच माणूस होता, आणि तो हा. मळईत त्याचं कुणी नव्हतं. त्याच्या भागात तक्रार नव्हती. मग तो कशासाठी धडपडत होता?

५

उत्तर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. भांडाराची वही दोन वर्षं त्याच तर लिहीत होत्या.

दुपारी त्यांनी तक्रारींची वही आणि भांडाराची वही शेजारी शेजारी मांडली. बाकीच्या सात वायरमनना महिन्याला फ्यूज तारेचं एखादं बंडल पुरायचं. नाथाजीला तीन लागत, पावसाळ्यात चार. म्हणजे ज्या भागात काही बिघडतच नाही, तिथं सगळ्यांत जास्त तार जळत होती. आणि कार्ड हललं त्या प्रत्येक दिवशी नाथाजीनं बंडल नेलं होतं.

"मॅडम, तुमची गाडी काढा," अक्का म्हणाल्या. "मळईला जायचंय."

वाटेत त्यांनी तिला जांभळ्या डागाचं सांगितलं. मळई वस्ती येरळा नदीच्या काठाला, एकेचाळीस घरांची. डीपी वस्तीच्या तोंडाशीच होती, गंजून तांबडी झालेली, खाली तेलाचा काळा ओघळ. फ्यूजच्या जागी नव्या तारा चकाकत होत्या. अंगणात शेंगा फोडत बसलेल्या हरणाबाईंना अक्कांनी विचारलं, लाईट जाते का हो इथं?

"जाती की. आठवड्यातनं दोनदा तर जातीच."

"मग तक्रार का नाही करत? मोबाईलवर होते आता."

"तक्रार कशापायी?" हरणाबाईंना प्रश्नच कळला नाही. "नाथाजीला फोन लावायचा. पहाटं येतोय, सांजचं येतोय, ताप आसला तरी येतोय. त्यो हाय तवर आमाला कसली काळजी?" मग शेंगा तशाच ठेवून त्या म्हणाल्या, "पर आता सुटनार म्हनं ह्या म्हैन्यात. फुडं कसं व्हायचं, बाई?"

गाडीपाशी आल्यावर संयोगिता म्हणाली, "माझ्या हिशेबात ही सगळ्यांत निरोगी डीपी आहे. शून्य तक्रारी. आणि ती शून्य आहे, कारण तो माणूस तक्रार होऊच देत नाही."

"मग यादी खोटी ठरली का?"

"खोटी नाही. आंधळी ठरली. जिथं चांगला माणूस आहे तिथलं दुखणं तिला दिसतच नाही." ती सचिंत दिसत होती, पण डोळ्यांत चमक आली होती. अक्कांनी ती ओळखली. संयोगितेला नवीन रकाना सुचला की ती अशी दिसायची.

"नाथाजीचं नाव साहेबांना सांगायचं का?" तिनं विचारलं.

अक्कांनी नकारार्थी मान हलवली. "तो सांगेल. त्याला एक संधी देऊ."

६

शुक्रवारी मोठे साहेब बरोबर दहाला आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता एवढंच. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मळईत कुणाचं कोण आहे?"

सगळ्यांच्या नजरा वीरधवलकडे वळल्या.

"सासरवाडी आहे, साहेब. पर मी—"

"मग त्यात अवघड काय आहे? याची बदली करा, फळा उतरवा. तुमचा हेतू चांगला आहे मॅडम, पण कुणीही येऊन क्रम बदलत असेल तर त्याला यादी म्हणत नाहीत."

अक्का उठल्या. त्यांनी दोन्ही वह्या साहेबांपुढं उघडून ठेवल्या. "साहेब, बदली करायच्या आधी एक बघा. या भागात वर्षभरात तक्रार एकही नाही. आणि तार सगळ्यांच्या तिप्पट गेली आहे. जी डीपी बंदच पडत नाही, तिला एवढी तार लागते कशाला?"

साहेबांनी एका वहीतून दुसरीत बघितलं. अक्का साहेबांकडे बघत नव्हत्या. त्या नाथाजीकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत दटावणी नव्हती. नाथाजीनं ते ओळखलं.

तो पुढं आला.

"पोराला सोडा, साहेब. कार्ड म्या हलवलं."

साहेबांनी वहीवरून मान वर केली.

"माझ्या लाईनीची तक्रार वहीत येऊ नये, हे माझं इमान हुतं," तो म्हणाला. "फोन आला की पळायचो. नवी तार टाकायचो, लाईट यायची, वहीत काय लिवायचो न्हाई. अकरा वर्षं झाली. ते प्रमाणपत्र दिलंत तवा लय बरं वाटलं. मंग मॅडमनी ही यादी केली, अन् मळई शेवटाला गेली. आता म्या सुटनार. नवा माणूस ईल, त्याला काय ठावं त्या डीपीचं? सांगावं तर अकरा वर्षांचं शून्य खोटं पडतंय. लाज वाटली, साहेब. म्हणून सकाळचं लवकर येऊन कार्ड अडकवायचो. दवाखान्याचं काढायला मात्र हात झाला न्हाई."

साहेबांनी वही मिटली. "आणि हा निकम? त्याच्यावर आळ येत होता, तेव्हा गप्प बसलात?"

"बसलो," नाथाजी म्हणाला. "ते अकरा वर्षांपरीस वंगाळ झालं." तो वीरधवलकडे वळला आणि त्यानं हात जोडले.

साहेबांनी संयोगितेला विचारलं, "मग आता तुमच्या यादीचं काय?"

संयोगितेनं तयार कागद पुढं केला. "नवा रकाना घातला आहे, सर. तक्रारींच्या जोडीला, गेलेलं सामान. वहीत न आलेलं दुखणं भांडारात दिसतं. काल संध्याकाळी सगळ्या एकतीस कामांचे गुण पुन्हा काढले. सात कामं वर सरकली. आणि यापुढं कार्ड हलवायचं तर दोन सह्या, माझी आणि अक्कांची."

"मळई कितवी आली?"

"चौथी."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग साहेबांनी खिशातून पेन काढलं, खाली सही केली आणि म्हणाले, "फळा राहू दे. हा रकाना मला सगळ्या उपविभागांसाठी लिहून पाठवा." जाता जाता ते नाथाजीपाशी थांबले, ताकीद मिळेल एवढं सांगितलं, मग त्याचा हात क्षणभर हातात घेतला आणि गाडीकडे गेले.

संयोगितेचे डोळे भरून आले होते. ती लाजली नाही, तिनं ते सरळ ओढणीला पुसले.

नाथाजी फळ्यापुढं उभा होता. चष्मा वर सरकवून त्यानं वरची तीन कार्डं एकेक करून वाचली. आरोग्य केंद्र. पाणी योजनेचा पंप. शाळेवरनं लोंबणारी तार. तिसऱ्यावर तो जरा जास्त थांबला.

"ही तिघं आधीच हवीत," तो म्हणाला. "बराबर हाय. मळई चौथीच."

"चौथं काम जूनच्या आत होईल, तात्या," संयोगिता म्हणाली.

"तवर कोन बघंल?"

कुणी काही बोलण्याआधी वीरधवल पुढं आला. त्याचा राग गेला नव्हता, चेहऱ्यावर दिसत होता. "मी बघतो. पहाटंचं म्हणा, सांजचं म्हणा, जातो मी. पर तात्या, माझी एक अट हाय. जितक्यांदा जाईन तितक्यांदा वहीत लिवनार. तुमी आडवायचं न्हाई."

नाथाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सरळ तळवा, आणि बराच वेळ काढला नाही.

"लिव, गड्या," तो म्हणाला. "समदं लिव."